बाबांचा बँक रेट

बाबांना खुर्चीवर बसता येत नव्हतं. हसू नका, खरंच सांगते. पाय धड होते, कंबर धड होती, तरुणपणी कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन कोसभर चालणारा माणूस होता. पण समोर साहेब असला आणि त्यानं 'बैठो' म्हटलं, की बाबा खुर्चीच्या पाठीला हात लावून उभेच राहायचे. जैनथकडच्या एका बँकेच्या शाखेत ते अटेंडर होते. आमच्याकडे शिपायाला अटेंडर म्हणतात. तेव्हा आम्ही आंध्र प्रदेशात होतो. ऑफिसात तेलुगू, व्यापाऱ्यापाशी हिंदी आणि घरी आमची मराठी. बाबांना तिन्ही यायच्या आणि तिन्हींत ते बहुतेक वेळा 'जी साब' एवढंच म्हणायचे.

सकाळी शटर उघडणं, झाडू, माठात पाणी, पोस्टातून डाकेची थैली आणणं आणि दिवसभर म्यानेजरच्या घंटीकडे कान, हे त्यांचं काम. टेबलावर ती पितळी घंटी असायची, वरून टिचकी मारली की 'टिंग' वाजणारी. आणखी एक काम होतं, ते त्यांना फार आवडायचं. दाराशी एक काळा फळा होता. त्यावर ठेवीला किती व्याज, पीककर्जाला किती, सोन्यावर किती, हे खडूनं लिहिलेलं असे. बाबांचं अक्षर इतकं सुरेख की तेलुगू, हिंदी, इंग्रजी, तिन्हींत तेच लिहायचे. वरून कागद आला की म्यानेजर आकडे सांगायचा आणि बाबा ओल्या फडक्यानं जुने पुसून नवे लिहायचे. ते आकडे का बदलतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं.

अटेंडरला परीक्षा देऊन क्लार्क होता येत असे. आधी लेखी, मग मुलाखत. तीनदाच बसू देत. पहिल्यांदा बाबा लेखीतच गेले. दुसऱ्यांदा लेखी निघाली आणि मुलाखतीला निजामाबादच्या मोठ्या ऑफिसात बोलावणं आलं. मायनं सदऱ्याला लोट्यात निखारे घालून इस्त्री केली. मी तेव्हा आदिलाबादला इंटरच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला होते, कॉमर्स घेतलेलं, त्यामुळे घरात माझ्याइतकं शहाणं कोणी नव्हतं अशी माझी समजूत होती.

त्या मुलाखतीत काय झालं ते बाबांनी स्वतःच जेवताना सांगितलं, आणि सांगताना हसत होते.

बाहेरच्या बाकावर ते नंबराची वाट पाहत बसले होते. आत घंटी वाजली. टिंग. त्या ऑफिसचा अटेंडर कुठे चहाला गेला होता. बाबा उठले आणि सरळ आत गेले. "जी साब?" साहेब कागदात मान घालून म्हणाला, "पानी." बाबांनी माठ शोधला, चार ग्लास विसळले, भरून आणले, टेबलावरचे चहाचे कप उचलले, बाहेर आणून धुतले आणि पुन्हा बाकावर येऊन बसले. पाच मिनिटांनी त्यांचं नाव पुकारलं. ते आत गेले तसा साहेब म्हणाला, "अरे, पानी तो दे दिया ना?" मग कोणीतरी सांगितलं की हाच उमेदवार आहे. सगळे हसले.

"वाईट नाई हसले," बाबा म्हणाले. "सादंच हसले. मलेई हसू आलं."

"मंग?" मायनं विचारलं. ती हसत नव्हती.

"मंग बैठो म्हणे. मी काई बसलो नाई. मंग म्हणे बँक रेट म्हंजे काय? माह्या डोक्यातून सारंच उडून गेलं. मी उभाच."

मी ताट सरकवलं. "काऊन गेले तुमी आत? तुमचं काम होतं काय ते? ते काय तुमची शाखा होती? सुटाबुटात जाऊन कप धुतले तुमी!" सूटबूट कुठला, निखाऱ्याच्या इस्त्रीचा सदरा होता, पण मला राग आला की शब्द मोठे निघतात, आजही निघतात. बाबा भाकरीचा तुकडा वरणात बुडवून तसाच धरून बसले. आता तो तुकडा आठवला की मला माझीच जीभ चावावीशी वाटते.

नंतर मला कळलं की ते क्लार्क होण्यासाठी इतके का झुरत होते. पगार वाढणार होता, तो तर होताच. पण एकदा माय मला म्हणाली, "तुह्या बाबाच्या पायाच्या नसा पाह्यल्या काय? दिवसभर उभा राह्यते थो मानूस. त्याले बसून काम करनं एकडाव तरी भेटलं पाह्यजे." बस, एवढंच होतं. माझ्या बापाला खुर्ची पाहिजे होती, बसायला.

तिसरी आणि शेवटची खेप पुढच्या वर्षी आली. लेखी निघाली. मुलाखतीला महिना होता, आणि मी कंबर कसली. रोज पहाटे म्हशीचं दूध निघालं की बाबा माझ्यासमोर. विहारात लग्नाला वापरायची एक लोखंडी खुर्ची मी मागून आणली होती. मायला मी बाजेवर बसवलं आणि सांगितलं की तू मोठा साहेब. माझ्या हातात म्हशीच्या गळ्यातली घंटी.

"बैटो," माय साहेबी आवाजात म्हणायची. तिला हिंदीतलं तेवढंच यायचं.

बाबा बसायचे. अर्ध्या खुर्चीवर, टाचा उचललेल्या. मी मधेच घंटी वाजवली की टुणकन उभे.

"बसा!"

"बसलो ना बापा."

घंटी. उभे.

"बाबा, तुमी मुद्दाम करून राह्यले काय?"

"अवं, मी नाई उठत. पायच उठते माहे." ते खरंच हतबल होऊन म्हणायचे, आणि माय पदर तोंडाला लावून हसायची. चार दिवसांत अशी गंमत झाली की घंटी वाजली की म्हैस हंबरायची आणि बाबा उभे राहायचे. शेजारच्या बाया कुडाला डोळे लावून पाहायला लागल्या. मी त्यांच्यावरही खेकसले.

आठ-दहा दिवसांनी पाय आवरले. म्हणजे घंटी वाजली की नुसता गुडघा हलायचा. मग मी अभ्यास काढला. सगळं जमत होतं त्यांना. चेक, ड्राफ्ट, खातं कसं उघडतात, तारण म्हणजे काय. वीस वर्षं उभं राहून त्यांनी हे सगळं पाहिलेलं होतं. अडत होता तो एकच, बँक रेट. माझ्या पुस्तकातली व्याख्या मी त्यांच्याकडून घोकून घेत होते. मध्यवर्ती बँक ज्या दरानं व्यापारी बँकांच्या पहिल्या दर्जाच्या हुंड्या पुन्हा वटवते, तो बँक दर. बाबा तिसऱ्या शब्दाला अडखळायचे, मी ओरडायचे, ते पुन्हा सुरुवात करायचे.

एके दिवशी मायनं दूध तापवता तापवता विचारलं, "हुंडी म्हंजे काय वं?"

"हुंडी म्हणजे..." मी म्हटलं, आणि थांबले. मला येत नव्हतं. व्याख्या येत होती, परीक्षेत तिला पूर्ण मार्क होते. पण हुंडी काय असते, ती पहिल्यांदा कोण वटवतं, पुन्हा का वटवतात, काही म्हणता काही ठाऊक नव्हतं.

"तू राहू दे," माय म्हणाली. "अवो, मले सांगा. बँकीतले पैशे सरले त बँक कोनाकडं जाते?"

बाबा म्हणाले, "मोठी बँक हाये ना. साऱ्या बँकींची बँक. तिच्याकडं."

"फुकट देते काय थे?"

"फुकट काऊन देईन? व्याज घेते."

"कागद-बिगद ठेवून घेते?"

"ठेवतच असन."

"मंग झालं ना. तिचं जे व्याज, थोच तुमचा बँक रेट. हुंड्या-गिंड्या कायले पाह्यजे?"

ते बरोबर होतं. हुंडी म्हणजे पुढे अमुक दिवशी पैसे देईन असा व्यापाऱ्याचा लेखी कागद. बँक तो ठेवून आधी पैसे देते, आणि बँकेला नड पडली की तोच कागद मोठ्या बँकेकडे ठेवून ती पैसे आणते. हे मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात सरांना विचारून आले. सगळ्याच्या खाली होतं ते मायनं म्हटलं तेच.

पण ती तिथं थांबली नव्हती. आमच्याकडे म्हैस असल्यानं वस्तीतल्या दहा-बारा घरांचं विरजण आमच्या घरून जायचं. संध्याकाळी बाया वाट्या घेऊन यायच्या. पाटलांच्या आळीतून कोणी येत नसे, का ते सांगायला नको. पण बँकेच्या कॅशियरची तेलुगू बायको यायची, तिला रोज दही लागायचं. माय विरजणाला इरजन म्हणायची आणि ती तोडू म्हणायची, आणि दोघींचं छान चालायचं.

"हे पाहा," माय बाबांना म्हणाली, "आपलं इरजन आंबट झालं का साऱ्या वस्तीचं दही आंबट. आपलं गोड, त साऱ्याईचं गोड. तुमच्या मोठ्या बँकीनं आपलं व्याज वाढवलं का खालच्या बँकाईले महाग पडते. मंग थ्या लोकाईले स्वस्त कशा देतीन?"

बाबा पुरत्या खुर्चीवर बसले होते, टाचा जमिनीला टेकलेल्या. ते माझ्या लक्षात आलं, त्यांच्या नाही. मग हळू म्हणाले, "म्हंजे मी फळ्यावरचं पुसून राह्यलो, लिहून राह्यलो इतके वर्स... थे याच्याच मागं? तिकडं वरतं हे व्याज हललं का इकडं माह्या हातात फडकं येते?"

"हो बाबा," मी म्हटलं.

"अरे बापा," ते म्हणाले, आणि त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मायचं बोट धरून हलवलं. माझ्यासमोर त्यांनी कधी असं केलं नव्हतं. माय "चाल, दूध उतू जाईन" म्हणाली आणि लाजली. त्या सकाळी मी त्यांच्यावर ओरडले नाही.

निजामाबादला या वेळी मीही गेले. त्यांना बाकावर एकटं सोडायला मी तयार नव्हते. आम्ही बाकावर बसलो असताना आत दोनदा घंटी वाजली आणि दोन्हीदा मी त्यांच्या सदऱ्याची बाही धरून ठेवली. नाव पुकारलं. दार बंद झालं. मी भिंतीकडे पाहत बसले आणि मनात म्हणत होते, बसा, बाबा, बसा.

आत काय झालं ते परतीच्या बसमध्ये कळलं.

बैठिए म्हणाले आणि ते बसले. पुरते बसले. तीन जण होते, दोन साहेब आणि एक बाई. खाती, चेक, सगळं विचारून झालं. मग मधल्या साहेबानं विचारलं, बँक रेट क्या होता है? बाबांनी सांगितलं की सब बँकों की एक बँक होती है, बँक को कमी पडी तो वहाँ से लेती है, और वो जो ब्याज लगाती है उसको बँक रेट बोलते. मग मायचं विरजण सांगायला गेले. हिंदी शब्द आठवेना. म्हणून म्हणाले, "साब, वो दही के लिए दूध में डालते ना, तोडू." समोरची बाई तेलुगू होती, ती लगेच हसली, "हाँ, हाँ, तोडू. बोलो."

"आन् तेव्हाच," बाबा म्हणाले, "साहेबानं घंटी वाजवली."

"मंग?" मी विचारलं.

"मी खुर्ची धरली. दोई हातानं. नाई उठलो."

"शाब्बास!"

"थांब ना. मंग दार उघडलं. अटेंडर आला. बुढा होता वं. आज-उद्या रिटायर होईन असा. हातात ट्रे, चार ग्लास, आन् हात असे..." त्यांनी हात थरथरवून दाखवला. "पानी सांडून राह्यलं होतं. कागदाईवर पडलं असतं. त्याले बोलले असते."

"आणि?"

"मी उठलो."

बसमध्ये माणसं होती म्हणून, नाहीतर मी किंचाळले असते. बाबांनी उठून म्हाताऱ्याच्या हातातला ट्रे घेतला होता. साहेब म्हणाला होता, आप बैठिए, ये उनका काम है. बाबा म्हणाले, "दो मिनट, साब. फिर बैठता हूँ." तिघांसमोर ग्लास ठेवले, चौथा म्हाताऱ्याला दिला, ट्रे त्याच्या काखेत अडकवला. मग येऊन बसले आणि म्हणाले, "तो साब, तोडू खट्टा हुआ, तो सब घर का दही खट्टा."

"काऊन केलं बाबा?" मला रडूच फुटलं. "महिनाभर घंटी वाजवली मी. शेवटची खेप होती! पुन्हा शिपाईच झाले ना तुमी त्यांच्यासमोर!"

बाबा माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "घंटी वाजली तवा मी नाई उठलो, माय. बुढा आला तवा उठलो."

वडील मुलीला माय म्हणतात ते लाडानं. मी डोळे पुसले आणि आदिलाबाद येईपर्यंत त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून बसले. राग तरीही थोडा होताच.

दोन महिने काही आलं नाही. मी धरून चालले की गेलं. मग एक दिवस बाबांनी नेहमीसारखी पोस्टातून थैली आणली, म्यानेजरच्या टेबलावर ठेवली आणि माठ भरायला गेले. स्वतःचं पत्र त्यांनी स्वतःच्या खांद्यावरून आणलं होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. घंटी वाजली. ते आत गेले. म्यानेजरच्या हातात उघडलेला कागद होता. तो खुर्चीकडे हात करून तेलुगूत म्हणाला, "कूर्चोंडी." त्या शाखेत बाबांना आजवर सगळे 'कूर्चो' म्हणायचे, म्हणजे बस. या वेळी 'बसा' म्हणाला.

क्लार्क म्हणून पहिली नेमणूक वांकिडीला मिळाली. घरापासून दूर, तरी गिऱ्हाईक आपल्या बोलीचं म्हणून बाबा खूश. खोली घेतली, आठवड्यानं घरी येऊ लागले. तिसऱ्या आठवड्यात माय म्हणाली, "मले त्याईची बँक पाह्याची हाये." तिला कापूस वेचायला जायचं होतं, एका दिवसाची मजुरी बुडणार होती, म्हैस शेजारणीवर टाकावी लागणार होती. तरी ती निघाली. भाकरी, मिरचीचा ठेचा आणि झाकणाच्या डब्यात घट्ट दही.

दोन बस बदलून आम्ही दुपारी पोचलो. शाखा आमच्या शाखेसारखीच, दाराशी तसाच फळा. अक्षर बाबांचं नव्हतं, मला ते आधी दिसलं. आत काउंटरच्या जाळीमागे बाबा बसले होते. समोर एक शेतकरी फॉर्म उलटा धरून उभा होता आणि बाबा तो सुलटा करून त्याला म्हणत होते, "इथं सही मारा, दादा." आत कुठेतरी टिंग झालं. बाबांचा गुडघा हलला असेल, जाळीमुळे दिसला नाही. ते उठले नाहीत.

मग त्यांनी मान वर केली आणि मायला पाहिलं.

ते तटकन उठले. शेतकऱ्याला "दोन मिंट" म्हणाले, काउंटरची फळी उचलून बाहेर आले आणि मागे वळून आपली खुर्ची, ती दोन हातांची, बसकेला वेत विणलेली खुर्ची, उचलून बाहेर घेऊन आले. भर बँकेत मायसमोर ठेवली. लोक पाहत होते. बाबा अगदी माय म्हणायची त्या आवाजात म्हणाले, "बैटो."

मायच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हसतच म्हणाली, "मी कायले बसू? बसमंदी बसूनच आली ना मी. तुमी बसा. मी तुमाले बसलेलं पाह्याले आली."

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी, जिनं महिनाभर घंटी बडवली होती ती मी, हातानंच 'बसा' अशी खूण केली. त्यांनी खुर्ची उचलली, आत नेली, जागेवर ठेवली आणि बसले. शेतकऱ्याचा फॉर्म पुढे ओढला. माय जाळीशी उभी राहिली, दह्याचा डबा पोटाशी धरून, चारची बस येईपर्यंत.